पीएच.डी. झालेल्या सरांना शोधायला कोण शिकवणार? : ग्रंथपाल आणि माहिती साक्षरता



'माहिती साक्षरता' हा शब्द आपण बहुतेक वेळा मुलांच्या संदर्भात वापरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं खरं की खोटं, प्रकल्पासाठी माहिती कुठून घ्यायची, पुस्तकातली अनुक्रमणिका कशी बघायची, हे सगळं आपण वर्गात शिकवतो. आज मात्र दुसऱ्या टोकाबद्दल बोलू या. ज्यांनी पंधरा-वीस वर्षं संशोधन केलं, ज्यांच्या हाताखाली विद्यार्थी पीएच.डी. करतात, अशा अनुभवी संशोधकांना माहिती साक्षरतेची गरज आहे का? आणि असेल, तर ग्रंथपालाने ती त्यांना शिकवायची कशी?

तुम्ही म्हणाल, हा तर कॉलेजवाल्यांचा विषय. पण तसं नाही. आपल्यातले कितीतरी शिक्षक नोकरी सांभाळून एम.ए., एम.एड., पीएच.डी. करत आहेत. कृतिसंशोधनाचे अहवाल तर आपण सगळेच लिहितो. शिवाय संशोधनात शिरलेली चूक तिथेच थांबत नाही. ती प्रबंधातून संदर्भग्रंथात जाते, तिथून गाईडमध्ये येते आणि शेवटी आपल्याच हाताने फळ्यावर लिहिली जाते.

माहिती साक्षरता म्हणजे नेमकं काय?

हा शब्द 1974 साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी पहिल्यांदा वापरला. सोप्या भाषेत सांगायचं तर यात पाच गोष्टी येतात : आपल्याला कोणती माहिती हवी हे ओळखणं, ती कुठे मिळेल हे माहीत असणं, ती शोधून काढणं, ती कितपत विश्वासाची आहे हे पारखणं आणि श्रेय देऊन नीट वापरणं.

पुढे 2015 मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या संघटनेने एक नवी चौकट मांडली. ही फक्त कौशल्यांची यादी नाही, ही समज आहे, असं त्यात सांगितलं. उदाहरणार्थ, कोणाचा शब्द प्रमाण मानायचा हे विषयानुसार आणि प्रसंगानुसार बदलतं. माहिती शोधणं म्हणजे एकदा बटण दाबणं नाही, पुन्हा पुन्हा वाट बदलत जाणं आहे. हे वाचलं की लक्षात येतं की असं शिक्षण कधी 'पूर्ण' होत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रासारखं ते एकदा घेऊन कपाटात ठेवता येत नाही.

अनुभवी माणसाला गरज का पडते?

कारण त्याने शिकलं तेव्हाची व्यवस्था आता राहिलेली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 च्या शेवटी पीएच.डी. करणाऱ्यांसाठी 'संशोधन व प्रकाशन नैतिकता' हा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात बनावट नियतकालिकं कशी ओळखायची, वाङ्मयचौर्य म्हणजे काय, माहितीचे डेटाबेस कसे वापरायचे हे सगळं आहे. चांगली गोष्ट आहे. पण ज्यांची पीएच.डी. त्याआधीच झाली, ते आज मार्गदर्शक आहेत. म्हणजे विद्यार्थ्याला हे शिकवलं गेलं आणि मार्गदर्शकाला कोणी शिकवलंच नाही! विद्यार्थी विचारतो, "सर, हे जर्नल चालेल का?" आणि सर जुन्या अंदाजाने उत्तर देतात.

त्यात नियमही भराभर बदलले. आयोगाने 2017 मध्ये मान्य नियतकालिकांची यादी काढली. 2018 च्या मे महिन्यात तिच्यातून तब्बल 4,305 नियतकालिकं काढून टाकली. 2019 मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली आणि 2025 च्या फेब्रुवारीत तीही बंद केल्याचं जाहीर झालं. आता नियतकालिक पारखण्याचे निकष संस्थांनी आणि संशोधकांनी स्वतः लावायचे आहेत. थोडक्यात, पूर्वी 'यादीत आहे का?' एवढं विचारून भागायचं. आता पारखणं स्वतःलाच यायला हवं.

यात नुकसान कोणाचं होतं? ज्याने उसनवारी करून छपाईची फी भरली त्या उमेदवाराचं. बनावट नियतकालिकात छापलेला निबंध मुलाखतीत धरला जात नाही, पैसे परत येत नाहीत आणि तोच निबंध दुसरीकडे पाठवायचीही सोय राहत नाही. काही ठग तर खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक जसाच्या तसा उचलतात आणि खोटी वेबसाइट उभी करतात. अशा वेळी पीएच.डी.ची पदवी कामाला येत नाही. वेबसाइटचा पत्ता, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, जुने अंक उघडतात का, चार दिवसांत निबंध स्वीकारू असं आश्वासन दिलंय का, हे बघायची सवय कामाला येते.

आपल्या खानदेशातलीच उदाहरणं घ्या

अनुभवी संशोधक कुठे अडखळतो हे समजून घ्यायला लांब जायची गरज नाही.

1. *जिल्ह्याचं नाव.* एखाद्याला जळगाव जिल्ह्याची 1930 सालची आकडेवारी हवी आहे. तो 'जळगाव जिल्हा' असं शोधतो आणि हाताला काही लागत नाही. कारण 1906 पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता. त्या वर्षी त्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाला जळगाव जिल्हा हे नाव 1960 मध्ये मिळालं. म्हणजे शोधायचं 'पूर्व खानदेश'. 1880 चं गॅझेटियर हवं असेल तर नुसतं 'खानदेश'. इंग्रजीत धुळ्याचं जुनं स्पेलिंग 'धुलिया' असं आहे, तेही टाकून बघावं लागतं.

2. *जिल्ह्याची हद्द.* 1 जुलै 1998 ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. 1991 च्या जनगणनेतला 'धुळे' आणि 2001 च्या जनगणनेतला 'धुळे' हे नाव एक असलं तरी प्रदेश वेगळे आहेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवून "आदिवासी लोकसंख्या घटली" असा निष्कर्ष काढला, तर आकडे बरोबर असूनही निष्कर्ष चूक ठरेल.

3. *विद्यापीठाचं नाव.* आपलं विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 ला स्थापन झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणून खानदेशावरचे जुने प्रबंध पुण्याच्या नावावर सापडतात. 2018 मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. त्यामुळे 2018 आधीचं काम शोधताना 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' हेच नाव टाकावं लागतं.

4. *भाषेचं नाव.* अहिराणीवर काम करणारा 'अहिराणी' हाच शब्द शोधतो. पण ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात ही भाषा 'खानदेशी' नावाने आहे, आणि तीसुद्धा 1907 सालच्या भिल्ल भाषांच्या खंडात. जनगणनेतही 'खानदेशी' हे नाव येतं. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत तर अहिराणी आणि खानदेशी यांना दोन वेगळे संकेत आहेत. एकच शब्द धरून बसलं की अर्धं साहित्य हातून निसटतं.

5. *एकाच नावाच्या दोन व्यक्ती.* नुसतं 'बहिणाबाई' शोधलं तर आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी (1880–1951) येतात आणि सतराव्या शतकातल्या तुकारामशिष्या संत बहिणाबाईसुद्धा येतात. दोघींची सरमिसळ झालेले भाषणाचे नमुने आपण शाळेत पाहिले आहेतच!

यातली एकही चूक अज्ञानी माणसाची नाही. विषय पक्का माहीत असलेला माणूसच या चुका करतो, कारण आपल्या विषयाचे शब्द आपल्याला ठाऊक आहेत याची त्याला खात्री असते. माहिती ज्या नावाखाली ठेवलेली असते, ते नाव मात्र दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेलं असतं. ती नावं कशी ठरतात हे ग्रंथपालाला माहीत असतं. त्याने संशोधकाला काय शिकवायचं, याचं उत्तर इथे आहे.

मग शिकवायचं कसं?

खरी अडचण इथे आहे. ग्रंथपाल म्हणतात, "सरांना आम्ही काय शिकवणार?" आणि सर म्हणतात, "मला पुस्तक काढून द्या, बाकी मी बघतो." दोघंही आपापल्या जागी संकोचतात. प्रौढांना शिकवण्याबद्दल माल्कम नोल्स यांनी जे मांडलं, ते इथे उपयोगी पडतं. मोठा माणूस स्वतःचा अनुभव बरोबर घेऊन येतो, त्याला 'पुढे कधीतरी उपयोगी पडेल' असं शिक्षण नको असतं, आजची अडचण आज सुटायला हवी असते. हे धरून काही वाटा दिसतात.

*पहिली : 'प्रशिक्षण' हा शब्द टाळा.* "माहिती साक्षरता कार्यशाळा" असा फलक लावला की ज्येष्ठ मंडळी सहीपुरती येतात. "तुमचा निबंध पाठवण्याआधी नियतकालिक तपासू या" असं म्हटलं, तर कागद घेऊन येतात.

*दुसरी : त्यांच्याच चालू कामापासून सुरुवात करा.* ग्रंथालयाची ओळख, मग कपाटं, मग संगणक या क्रमाची त्यांना गरज नसते. विचारायचं, "सर, सध्या काय लिहिताय? कुठे अडलंय?" समजा ते केळीवरच्या विषाणूरोगावर काम करत आहेत. शोधपेटीत इंग्रजीतलं 'बनाना' टाकून झालं आहे. मग शास्त्रीय नाव 'मुसा' टाकून बघा, रोगाचं नाव पूर्ण आणि संक्षिप्त अशा दोन्ही रूपांत टाका. वाणाचं नाव 'ग्रँड नैन' वेगवेगळ्या स्पेलिंगांनी टाका आणि 'जी-नाइन' हेही टाका. पंधरा मिनिटांत आधी न दिसलेला एखादा जरी निबंध मिळाला, तरी शिकवण्याचं अर्धं काम झालं.

*तिसरी : त्यांची पद्धत मोडू नका, वाढवा.* अनुभवी संशोधक शोधपेटीपेक्षा संदर्भसूचीवर विश्वास ठेवतो. एका चांगल्या निबंधाच्या शेवटची यादी बघून मागे मागे जातो. ही पद्धत उत्तमच आहे. पण तिने फक्त जुनं सापडतं. त्याच निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला हे गूगल स्कॉलरवर 'यांनी संदर्भ दिला' या दुव्यावरून कळतं. म्हणजे मागे जाणाऱ्या वाटेला पुढे जाणारी वाट जोडायची. याच वेळी आणखी एक गोष्ट दाखवता येते : आपण आधार घेतलेला निबंध नंतर मागे तर घेतला गेला नाही ना? मागे घेतलेल्या निबंधांची 'रिट्रॅक्शन वॉच' ही नोंदसूची सर्वांना मोफत बघता येते.

*चौथी : विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघांना एकत्र बसवा.* वर्ग विद्यार्थ्यासाठी, पण "सर, तुम्हीही बसा, विषयाचं तुम्हीच सांगाल" असं म्हणून मार्गदर्शकांना बोलवायचं. शोध कसा घ्यायचा हे ग्रंथपाल सांगतो, सापडलेलं कितपत मोलाचं हे सर सांगतात. कोणाचाही मान कमी होत नाही आणि शिकतात दोघंही. आपण पालकसभेत मुलाला पुढे करून पालकांना मोबाईलवरचं अ‍ॅप शिकवतो, तसंच हे.

*पाचवी : यंत्राचा आकडा वाचायला शिकवा.* 2018 च्या नियमांनुसार प्रबंधातलं साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांना ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त 6 महिन्यांत, दुरुस्ती करून द्यायची. 40 ते 60 टक्क्यांना एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष आकड्यावर असतं. पण यंत्र शब्द जुळवतं, चोरी ओळखत नाही. अवतरणचिन्हात श्रेय देऊन घेतलेला मजकूर आणि संदर्भसूची नियमातच वगळलेली आहे. उलट, दुसऱ्याची कल्पना शब्द बदलून स्वतःच्या नावावर घेतली, तर आकडा शून्य येऊनही ती चोरीच आहे. अहवाल कसा वाचायचा हे ग्रंथपालाने मार्गदर्शकाशेजारी बसून दाखवायला हवं.

*सहावी : कृत्रिम बुद्धिमत्तेने दिलेला संदर्भ उघडून बघायला लावा.* चॅटबॉट कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या निबंधाचं नाव, लेखक आणि वर्ष अगदी खऱ्यासारखं देतो. विषयतज्ज्ञ इथे जास्त फसू शकतो, कारण लेखकाचं नाव ओळखीचं असतं आणि "यांनी असं लिहिलं असेलच" असं वाटतं. नियम साधा ठेवायचा : जो निबंध उघडून पाहिला नाही, तो संदर्भसूचीत घालायचा नाही.

कोणती साधनं हाताशी आहेत?

ग्रंथपालाकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. 1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण संस्थांतल्या लोकांना ती वाचता येतात. नियतकालिकं आली, पण ती उघडायची कशी आणि घरून बघता येतील का, हे कोणी सांगितलंच नाही तर वर्गणी भरून उपयोग काय?

ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. ज्येष्ठ संशोधकाशी बोलताना हेच सूत्र पुढे करावं. "तुम्हाला येत नाही" असं म्हटलं तर दार बंद होतं. "तुमचा वेळ वाचेल" म्हटलं तर उघडतं.

शिकणं दोन्ही बाजूंनी

एक गोष्ट विसरून चालणार नाही. सगळी माहिती संगणकावर नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन 31 डिसेंबर 1926 ला आपल्या धुळ्यात झालं. त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांनी गोळा केलेली कागदपत्रं तिथे जपली गेली. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं धुळ्याच्याच समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरी काय सांगतात हे अस्सल पत्रांशी ताडून पाहिलं. 'माहिती साक्षरता' हा शब्द जन्माला यायच्या कितीतरी आधी त्यांनी ती करून दाखवली.

अशा संग्रहांत काम केलेल्या ज्येष्ठ संशोधकाकडे जे ज्ञान असतं, ते तरुण ग्रंथपालाकडे असेलच असं नाही. मोडी वाचणं घ्या. किंवा तारखा घ्या. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, असं आपण शाळेत शिकतो. पानिपतची लढाई शके 1682 च्या पौषात झाली. 78 मिळवले तर 1760 येतं. पण लढाई झाली 14 जानेवारी 1761 ला! शक वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या तारखांना 79 मिळवावे लागतात. सूचीत असं एक वर्ष चुकलं तर कागद असूनही सापडत नाही. हे संशोधकाने ग्रंथपालाला सांगायचं आणि ग्रंथपालाने सूची दुरुस्त करायची. अशी देवाणघेवाण झाली की 'कोण कोणाला शिकवतंय' हा प्रश्नच राहत नाही.

आपण काय करू शकतो?

तुम्ही स्वतः पीएच.डी. किंवा कृतिसंशोधन करत असाल, तर विषय पक्का करण्याआधी एकदा ग्रंथपालाशी अर्धा तास बोला. जाताना तीन गोष्टी लिहून न्या : मला काय शोधायचं आहे, आतापर्यंत कोणते शब्द टाकून पाहिले, आणि काय सापडलं नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ग्रंथपालाचं काम तिथून सुरू होतं.

पालकांपैकी कोणी प्राध्यापक असतील, तर त्यांनी आपल्या महाविद्यालयात एवढं तरी सुचवावं की ग्रंथपालाला पुस्तकांची देवघेव आणि नॅकच्या फायली यांतून आठवड्यातले दोन तास मोकळे मिळावेत. संशोधकांसाठी राखलेले दोन तास. त्याला वेगळा निधी लागत नाही, वेळापत्रकात जागा लागते.

आणि वर्गात? पुढच्या वेळी 'बहिणाबाई' शिकवताना मुलांना ग्रंथालयात दोन बहिणाबाई शोधायला लावा. कोणती कोणत्या शतकातली, हे कशावरून ठरवलं तेही वहीत लिहायला सांगा.